चार खाटा, चार जागा

किबुत्झमध्ये, म्हणजे इस्राएलमधल्या सामायिक मालकीच्या शेतीगावात, वाढलेल्या आणि रणगाड्यात पडलेल्या मुलाची स्मरणपुस्तिका करायला घेतली की पहिल्याच आठवड्यात कळतं, आईकडे फारसं काही नाही. शहरातल्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर झबलं, प्रगतिपुस्तकं, पहिल्या वाढदिवसाचा फोटो असं काहीबाही बांधून ठेवलेलं असतं. किबुत्झचं मूल मात्र आईबापांच्या घरी झोपतच नव्हतं. जन्मल्यापासून बालघर. दुपारी चारच्या सुमारास आईबापांच्या खोलीवर जायचं, खेळायचं, आणि झोपायच्या वेळी परत आपल्या खाटेवर. एका खोलीत साधारण तीन-चार खाटा. ही पद्धत १९८०चं दशक सरता सरता मोडत गेली, पण १९७३च्या योम किपूर युद्धात, इजिप्त आणि सिरियाविरुद्ध लढताना, विशी-बाविशीत पडलेली किबुत्झची बहुतेक पोरं त्यातलीच. म्हणजे त्याचं लहानपण शेजारच्या खाटांवर झोपणाऱ्यांकडे आहे.

पुढे तो चिलखती दलात गेला, तिथेही एका रणगाड्यात चौघेच. त्यामुळे आमच्या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी त्याची खाट शोधायची, मग रणगाड्यातली त्याची जागा शोधायची, आणि दोन्हींच्या आजूबाजूचे तिघे-तिघे गाठायचे. आईबापांशी बोलणं त्यानंतर. हे ऐकायला उलटं वाटतं, पण रिकाम्या हातांनी म्हाताऱ्या आईसमोर बसून ‘काही आठवतं का’ विचारण्यापेक्षा तिने कधी न पाहिलेला बालघरातला फोटो घेऊन जाणं बरं. ती आपणहून बोलायला लागते.

सुरुवात सरकारी पानापासून करावी. इस्राएलच्या संरक्षण मंत्रालयाच्या ‘यिझ्कोर’ संकेतस्थळावर धारातीर्थी पडलेल्या प्रत्येकाचं पान आहे. आईबापांची नावं, जन्म, दल, कुठे आणि कधी पडला, कुठल्या दफनभूमीत आहे, आणि दोन-चार परिच्छेदांत चरित्र. (हिब्रूतही सैनिक ‘पडतो’. नफल. आपल्या ‘रणात पडला’ला नेमका जोड.) हे पान पुराव्यांतलं पहिलं एवढंच मानायचं. चरित्राचा मजकूर युद्धानंतरच्या घाईत, घरच्यांनी सांगितलं त्यावरून लिहिलेला असतो. हिब्रूत स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे आडनावाचा उच्चार पानावरून कळत नाही. तो जिवंत माणसाच्या तोंडून ऐकून, ध्वनिमुद्रित करूनच घ्यायचा. बऱ्याच बापांनी पोलंड-जर्मनीतली आडनावं टाकून हिब्रू घेतलेली असतात, म्हणून जुन्या कागदांत मुलगा एका नावाने आणि नव्यांत दुसऱ्याच नावाने निघतो. शिवाय किबुत्झमध्ये कुणालाच कुणी खऱ्या नावाने हाक मारत नाही. टोपणनाव पहिल्या दिवशी विचारून घेतलं नाही तर अर्धी पत्रं ‘ही कुणाची?’ म्हणून बाजूला पडतात आणि ती त्याचीच असतात.

मग तारीख. इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि मराठी माणसाला हे लगेच समजेल, कारण हा तिथीचाच घोळ आहे. वर्षश्राद्ध हिब्रू तिथीने करतात आणि हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. युद्ध पेटलं ६ ऑक्टोबर १९७३ला दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे १० तिश्री ५७३४, योम किपूर, ज्यूंचा सर्वांत पवित्र उपासाचा दिवस. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या भागात संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो. त्याच रात्री नऊला जो पडला त्याची इंग्रजी तारीख ६च, पण तिथी ११ तिश्री. गोलानवर, म्हणजे सिरियाच्या बाजूच्या पठारावर, पहिल्या दोन-तीन रात्री लढाई थांबलीच नाही. सिरियन रणगाड्यांकडे रात्री बघायची इन्फ्रारेड साधनं होती आणि इस्राएली बाजूकडे त्यांची वानवा होती. त्यामुळे रात्री पडलेले पुष्कळ. संगणकावर तारीख बदलून घेताना ‘सूर्यास्तानंतर’ असा एक छोटा चौकोन असतो, तो न टिपल्यामुळे वर्षानुवर्षं एक दिवस आधी मेणबत्ती लावणारी घरं आहेत. अशा घरी तिथी दुरुस्त करून छापायची की नाही, हे घरच्यांनी ठरवायचं. आम्ही पुस्तिकेत इंग्रजी तारीख, तिथी आणि कळला असेल तर तास, तिन्ही छापतो. ज्यू पंचांगातही आपल्यासारखा अधिक मास असतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. पण तो अदारमध्ये पडतो, तिश्रीला त्याची झळ नाही.

आता खाट. किबुत्झच्या अर्काइव्हमध्ये कुटुंबाच्या नावाची फाइल मागितली तर पातळशी मिळते. मागायची ती त्याच्या गटाची. एका वर्षात जन्मलेल्या मुलांचा एक गट, त्याला झाडाचं नाहीतर पक्ष्याचं नाव, आणि तो गट पाळणाघरापासून बारावीपर्यंत एकत्र. फोटोंच्या मागे मुलांची नावं नसतात, गटाचं नाव असतं. गट सांभाळणाऱ्या बाईला ‘मेटापेलेत’ म्हणतात. तिने ठेवलेली वही सापडली तर तुमचं नशीब जोरावर. कोण किती वाजता झोपलं, कुणाला ताप आला, कुणी कुणाला चावलं, सगळं त्यात असतं. आईला माहीत नसलेलं, आणि तिला वाचून दाखवताना जपून वाचावं लागेल असं.

किबुत्झचं साप्ताहिक पत्रक ‘आलोन’ म्हणजे खजिना असतो, पण ते स्टेन्सिलवर काढलेलं, शाई फिकट, कागद ठिसूळ. मुलगा जन्मला तो आठवडा, त्याच्या गटाचा बार मित्झवा (तेराव्या वर्षीचा विधी), तो सैन्यात गेला तो महिना, आणि युद्धानंतरचे सहा महिने एवढे अंक तरी पानन्‌पान बघायचे. युद्धानंतरच्या अंकांत सभेचे वृत्तांत असतात. पडलेल्या मुलांची स्मृती कशी ठेवायची, खोली बांधायची की झाडं लावायची, यावर भांडणं असतात. ती गाळू नयेत. शोक करणाऱ्यांची भांडणंही खरी असतात.

गावातलं अर्काइव्ह बंद पडलं असेल तर चळवळीकडे, म्हणजे तो किबुत्झ ज्या मोठ्या संघात होता त्याच्याकडे, जायचं. किबुत्झ आर्त्झीच्या गावांचे कागद गिवात हाविवाच्या याद याआरीत, किबुत्झ मेउहादचे रामात एफालच्या याद ताबेन्किनमध्ये. जाण्याआधी किबुत्झ कुठल्या चळवळीचा होता ते विचारायचं, आणि १९५०च्या दशकात तो फुटला होता का तेही. त्या फुटीत काही गावांची दोन गावं झाली आणि कागदही वाटले गेले.

शाळेचे गुण शोधत बसू नये. किबुत्झ आर्त्झीच्या शाळांत त्या काळी गुण देतच नसत, मॅट्रिकची परीक्षाही बहुतेक जण देत नसत. त्याऐवजी शिक्षकाने चार ओळींत लिहिलेला अभिप्राय असतो आणि शेवटच्या वर्षी मुलाने स्वतः निवडलेल्या विषयावरचा प्रबंध. हा प्रबंध मात्र नक्की शोधावा. सतरा वर्षांच्या मुलाने मधमाश्यांवर किंवा स्पॅनिश यादवी युद्धावर साठ पानं लिहिलेली असतात, आणि ‘हसरा, मदतीला धावणारा, शेताची आवड असलेला’ या सगळ्या स्मरणपुस्तिकांत सापडणाऱ्या ओळीपेक्षा त्याच्या समासातल्या खोडाखोडीत तो जास्त दिसतो.

एक बारीक गोष्ट, जी बाहेरच्याला सुचत नाही. धुलाईचा नंबर. किबुत्झमध्ये सगळ्यांचे कपडे एकाच धुलाईखान्यात जात, म्हणून प्रत्येकाच्या कपड्यावर कॉलरच्या आत किंवा पट्ट्याच्या जागी नंबर शिवलेला किंवा शाईने मारलेला असे. तोच नंबर वर्षानुवर्षं. सैन्याने परत पाठवलेल्या पिशवीत शर्ट, स्वेटर, मोजे यांची सरमिसळ असते, कारण तंबूत कुणी कुणाचं घालत असे. नंबर जुळवला की त्याचं कुठलं ते कळतं. जो जुळत नाही तो स्वेटर फेकायचा नाही. तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे, आणि कदाचित त्या दुसऱ्याच्या घरीही त्याची वाट बघणारं कुणी असेल.

आपल्या बेने इस्राएल मंडळींचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, इथे एक दुवा आहे, तो सांगून टाकतो. आपले लोक प्रामुख्याने शहरांत आणि नव्या वसाहतींच्या गावांत गेले, लोद, रामला, अश्दोद, बेएरशेवा, दिमोना, येरुहाम. किबुत्झांत फार थोडे. पण मुलांना इस्राएलात आणून वाढवणाऱ्या युथ अलिया या संस्थेमार्फत किबुत्झात वाढायला पाठवलेली मुलं होती, त्यांत भारतातून आलेलीही होती. अशा ‘बाहेरच्या’ मुलाला किबुत्झमध्ये एक पालक कुटुंब नेमून दिलेलं असे. त्याच्यासाठी काम करायचं तर दोन घरं धरून चालावं लागतं, आणि पहिल्या घरची पत्रं मराठीत निघू शकतात. ती देवनागरी अक्षरं अर्काइव्हमधल्या माणसाला वाचता येत नाहीत, म्हणून ती ‘इतर भाषा’ असं लिहिलेल्या पाकिटात पडून राहतात. ते पाकीट मागायचंच. लष्करी थडग्यावर जन्मदेश कोरायची रीत आहे. ‘होदू’ म्हणजे भारत असं कोरलेलं दिसलं तर हे दुसरं घर शोधायला लागायचं हे पक्कं.

आता रणगाडा. इथे मराठी वाचकाला मी सरळ अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जायला सांगेन. तिथे सेंच्युरियन नीट बघून घ्यावा. पूना हॉर्सचे अरुण खेतरपाल १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत ज्यात पडले तो सेंच्युरियनच, आणि गोलानवर १९७३मध्ये लढला तोही सेंच्युरियनच. इस्राएलने त्यातलं ब्रिटिश पेट्रोल इंजिन काढून अमेरिकन डिझेल बसवलं, १०५ मिलिमीटरची तोफ चढवली आणि नाव दिलं ‘शोत’, म्हणजे चाबूक. सिनाईत, म्हणजे इजिप्तच्या आघाडीवर, प्रामुख्याने अमेरिकन पॅटन होते, त्यांना ‘मागाख’ म्हणत.

बाहेरून बघितला तरी झडपा मोजता येतात. बुरुजावर उजवीकडे कमांडरची, डावीकडे तोफ भरणाऱ्याची. पुढे, कवचाच्या उजव्या बाजूला चालकाची. तोफ चालवणारा कमांडरच्या पुढ्यात खाली बसतो आणि त्याला स्वतःची झडपच नाही. बाहेर पडायचं तर कमांडरच्या मागून. तोफ नको त्या कोनात वळून थांबली तर चालकाची झडप उघडत नाही. कमांडर डोकं बाहेर काढून उभा. इस्राएली चिलखती दलाची ती शिस्तच, चौफेर दिसावं म्हणून, आणि म्हणून कमांडर सर्वांत जास्त गेले. कोण वाचला आणि कोण नाही याचं उत्तर पुष्कळदा शौर्यात नसतं, या चार जागांत असतं. घरच्यांना हे शांतपणे, चित्र काढून समजावलं की ‘तो बाहेर का नाही आला’ हा पन्नास वर्षं डोक्यात घोळणारा प्रश्न निदान थोडा सैल होतो.

साक्ष घेतानाही जागाच उपयोगी पडते. चालकाला समोरचंच दिसतं. तोफ चालवणाऱ्याला दुर्बिणीतला छोटासा गोल दिसतो. भरणारा, ज्याला ‘तआन-काशार’ म्हणतात म्हणजे भरणारा आणि रेडिओवाला, त्याला बाहेरचं जवळजवळ काही दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. चौघांची शिरस्त्राणं एकाच तारेवर. त्यामुळे भरणारा म्हणाला की ‘मी दरीत आठ सिरियन रणगाडे जळताना पाहिले’, तर त्याने ते नंतर, बाहेर पडल्यावर पाहिले असावेत किंवा कमांडरच्या तोंडून ऐकले असावेत. खोटं तो बोलत नसतो. पन्नास वर्षांत ऐकलेलं आणि पाहिलेलं एक होतं. म्हणून प्रश्न असा विचारायचा की ‘तुझ्या जागेवरून काय दिसत होतं?’ आणि ‘कानात कुणाचा आवाज होता?’ दुसऱ्या प्रश्नाला जे मिळतं ते सोनं. आवाज माणसं विसरत नाहीत.

तो कुठल्या रणगाड्यात होता हे ठरवणं सर्वांत किचकट. कागदावर एक रणगाडा, प्रत्यक्षात दुसरा. युद्ध सुरू झालं तेव्हा गोलानवर १७७ इस्राएली रणगाडे होते आणि समोर चौदाशेच्या आसपास. पहिल्या रात्रीनंतर इस्राएलच्या १८८व्या ब्रिगेडची दाणादाण उडालेली. जे रणगाडे दुरुस्त होऊन परत आले त्यांत हाताला लागतील ती माणसं बसवली, एका तुकडीचा कमांडर, दुसरीचा चालक. राखीव दलाच्या रणगाड्यांना तर तोफेची नेम-जुळवणी करायलाही वेळ मिळाला नाही, काहींवर मशिनगनही नव्हत्या. अशा वेळी यादी कोण लिहिणार? चौघांनी एकमेकांची नावंही न विचारता लढलेले रणगाडे होते.

फोटो असेल तर खुणा वाचायच्या. नळीवरच्या पांढऱ्या कड्या बटालियन सांगतात. बाजूच्या पत्र्यावरचा कोन, म्हणजे इंग्रजी व्हीसारखी खूण, कुठल्या दिशेला तोंड करून आहे त्यावरून कंपनी. बुरुजावरचा आकडा पलटणीचा आणि शेजारचं हिब्रू अक्षर पलटणीतल्या रणगाड्याचं. पुढे-मागे रंगवलेला लांब नोंदणी क्रमांक मिळाला तर उत्तम; रंग उडतो, खूण पुसतात, पण तो क्रमांक रणगाड्याबरोबर कारखान्यापर्यंत जातो. मात्र फोटोतला रणगाडा म्हणजे शेवटचा रणगाडा असं धरू नये. पोरं उन्हाळ्यातल्या सरावात फोटो काढायची. आमच्याकडे आलेले बहुतेक फोटो ऑगस्टमधले निघतात. लांब सावल्या, पण अंगात बनियन.

कागदपत्रांसाठी लातरुनला जायचं. ब्रिटिश काळातली पोलीस चौकी, जिच्यासाठी १९४८मध्ये रक्त सांडलं, तिथे आता चिलखती दलाचं स्मारक ‘याद लाशिर्योन’ आहे. पाण्याच्या टाकीच्या बुरुजावर चढवलेला शर्मन रणगाडा लांबूनच दिसतो. भिंतीवर नावं कोरलेली आहेत, आणि आत संगणकावर प्रत्येकाचं पान. त्या पानावर घरचे फोटो, पत्रं, मजकूर देऊ शकतात. तुम्ही जमवलेलं स्कॅन करून तिथे द्यायचं आणि त्यांच्याकडचं घ्यायचं, व्यवहार सरळ. सैन्याच्या अर्काइव्हनेही २०२३मध्ये, युद्धाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, हजारो कागद, ध्वनिमुद्रणं आणि फोटो खुले केले. बटालियनच्या रेडिओवरची मुद्रणं त्यांत असतात. त्यांत नावं नसतात, सांकेतिक हाका असतात, म्हणून आधी सोबत्यांकडून कंपनीच्या हाकांची यादी करून घ्यायची आणि मग ऐकायचं. घरच्यांना ती फीत एकट्याने ऐकायला देऊ नये.

सोबत्यांना भेटताना आता घाई आहे. सगळे सत्तरीच्या पुढचे. एका वेळी एकच जण, दोघांना एकत्र बसवलं की जो जोरात बोलतो त्याची आठवण दुसऱ्याची होते. टेबलावर नकाशा पसरायचा, पेन्सिल द्यायची. शब्दांत अडणारा माणूस पेन्सिलीने बरोबर रेघ ओढतो. पहिला प्रश्न मरणाचा कधीच नाही. तळावर सकाळी कॉफी कोण करायचं, त्याचा आवाज कसा, तो काय टाळायचा इथून सुरुवात. ही कॉफी खरंच विचारायची. रणगाडेवाले इंजिनाच्या आवरणावर भांडं ठेवायचे आणि कोण किती साखर टाकायचं हे त्यांना गोळीबारापेक्षा पक्कं आठवतं. दीड तासाच्या वर बसू नये. रात्री त्यांना झोप लागत नाही, हे त्यांच्या बायका आपल्याला फोनवर सांगतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आपणच एक फोन करायचा. युद्धाचा धक्का बसलेल्या माणसाने नको म्हटलं तर पुन्हा विचारायचं नाही, पत्रही नाही.

दोन साक्षी जुळल्या नाहीत तर? एक म्हणतो तो दुपारी गेला, दुसरा म्हणतो संध्याकाळी त्याचा आवाज रेडिओवर ऐकला. आम्ही दोन्ही छापतो, कोण कुठे बसला होता ते सांगून. मधला मार्ग काढून एक गुळगुळीत गोष्ट तयार करण्यावर माझा विश्वास नाही.

आणि एक नियम, जो मोडला तर पुस्तिका न केलेली बरी. त्याच रणगाड्यातल्या बाकी तिघांच्या घरी, ते वाचले असोत की नसोत, छापण्याआधी मजकूर दाखवायचा. पॅटनच्या बुरुजातलं हायड्रॉलिक तेल पेट घेणारं होतं आणि सिनाईत त्याने किती जण होरपळले हे आज सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपल्या मुलाचं काय झालं हे प्रत्येक घराला ठाऊक आहेच असं नाही. १९७३मध्ये ओळख पटायला काही वेळा महिने लागले. घरी आधी ‘बेपत्ता’ असा निरोप यायचा. पुष्कळांना आधी तात्पुरतं पुरलं आणि नंतर गावच्या दफनभूमीत हलवलं. ही दोन अंत्यसंस्कारांची हकीकत एका घराने बोलून टाकलेली असते आणि शेजारच्याने कधीच नाही. आपल्याच तोफेचा मारा लागला अशी कुजबुज असेल तर कागदी पुराव्याशिवाय एक अक्षर छापायचं नाही.

थडग्याचा मजकूर पुस्तिकेत जसाच्या तसा द्यावा, फोटोसह. लष्करी दगड सगळ्यांचा सारखा, उशीसारखा ठेवलेला. शिपाई असो की सेनापती. त्यावर क्रमांक, हुद्दा, नाव, आईबापांची नावं, जन्मस्थान, कुठे किंवा कुठल्या युद्धात पडला, तिथी, वय. वर काही ओळी घालायच्या की नाही, यावर १९९०च्या दशकात प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि घरच्यांना थोडी मोकळीक मिळाली. त्यामुळे १९७३च्या दगडावर नंतर भर घातलेली असू शकते. सावलीत कोरीव अक्षर दिसत नाही. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढायचा. दगडावर पाणी, खडू, पीठ काही लावायचं नाही.

छपाईचं थोडक्यात. फोटो ६०० डीपीआयला, निगेटिव्ह २४०० किंवा त्याहून वर, मूळ स्कॅन टिफमध्ये, वाटायला जेपेग. १९७०च्या दशकातल्या चिकट अल्बममधून फोटो ओढून काढू नये, दात साफ करायचा धागा मागून सरकवायचा; तरी निघाला नाही तर पानासकट स्कॅन. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही बाजू. लष्करी टपालाच्या कार्डावर युनिटचा टपाल क्रमांक आणि शिक्का असतो, तो कापला जाऊ देऊ नये. हाताने लिहिलेली तारीख आणि शिक्क्याची तारीख यांत फरक असतो, आणि शेवटची दोन-तीन कार्डं तो गेल्यावर पोचलेली असतात. ती पुस्तिकेत कुठल्या क्रमाने लावायची यावर आमच्यात एकमत नाही. मी लिहिल्याच्या तारखेने लावतो.

पानं सोळाच्या पटीत ठेवली तर छापखाना खूश, ६४ किंवा ९६. हिब्रू उजवीकडून डावीकडे, म्हणजे शिवण उजव्या हाताला. मराठी किंवा इंग्रजी भाग असेल तर तो दुसऱ्या टोकाकडून सुरू करायचा. छापखान्याला हे तोंडी सांगून भागत नाही, कागद दुमडून नमुना हातात द्यायचा. एकदा उलटी शिवलेली तीनशे पुस्तकं आली की हे कायमचं लक्षात राहतं. मध्यभागी पसरलेल्या फोटोत चेहरा शिवणीत जात नाही ना, हे तिघांनी बघावं.

वाटप कधी? दोन दिवस आहेत. त्याची स्वतःची तिथी, किंवा योम हाझिकारोन, म्हणजे इस्राएलचा सैनिक स्मृतिदिन, ४ इय्यार, जो शनिवारच्या आसपास आला तर पुढे-मागे सरकवतात. आदल्या रात्री आठला एक मिनिट भोंगा, सकाळी अकराला दोन मिनिटं. थडग्यांवर आधीच काळी फीत बांधलेला छोटा झेंडा आणि मेणबत्ती ठेवलेली असते. किबुत्झच्या कार्यक्रमात ‘यिझ्कोर’ हा स्मरणाचा मजकूर वाचतात तेव्हा ‘देव आठवो’ म्हणायचं की ‘इस्राएलचे लोक आठवोत’, हे आधी विचारून घ्यावं. १९२०मध्ये तेल हायच्या लढाईनंतर लिहिलेल्या मूळ मजकुरात लोकच आहेत, आणि जुन्या किबुत्झांत दुसरं काही वाचलं तर माणसं उठून जातात. कद्दिश, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ म्हणतात ती प्रार्थना, म्हणायचा का, हेही तसंच. आपल्या बेने इस्राएल घरांत हश्काबाशिवाय, म्हणजे मृतात्म्यासाठीच्या प्रार्थनेशिवाय, स्मरण पुरं होत नाही. किबुत्झमध्ये अशी प्रार्थना न म्हणणं हाच त्या गावाचा धर्म असू शकतो.

बेत हाशितासारख्या किबुत्झचं काम हाती असेल, जिथे एका युद्धात अकरा मुलगे गेले, तर एकट्याची पुस्तिका करण्याआधी गावाला विचारावं. बाकी दहा घरंही त्याच गावची.

प्रती काढायच्या तीनशे, वाटायच्या दोनशेऐंशी. उरलेल्या वीस थांबवून ठेवायच्या, कारण पहिल्या महिन्यात फोन येतातच. चौदाव्या पानावरचा डावीकडून दुसरा तो नाही, त्याच्या गटातला दुसराच आहे. ती कॉफी नव्हती, चहा होता. चुकांची एक चिठ्ठी छापून या वीस प्रतींत चिकटवायची आणि त्याच प्रती अर्काइव्हला, लातरुनला आणि रणगाड्यातल्या बाकी तिघांच्या घरी द्यायच्या. मूळ कागद आम्लरहित पेटीत. पेटीवर पेन्सिलीने नाव, टोपणनाव, जन्मवर्ष, गटाचं नाव आणि धुलाईचा नंबर.